शिवी कमकुवत आहे

"हे नेटवर्क विसरायचं का?" असं टॅबने विचारलं आणि स्वेतोझारने "विसर एकदाचं!" म्हणून पडद्यावर असा अंगठा हाणला की टेबलावरचे ग्लास किणकिणले.

टॅब विसरला. त्या घरात स्वेतोझारचं एका शब्दात ऐकणारं आजवर कुणी निघालं नव्हतं.

वायफाय सकाळपासून अडखळत होतं. त्याचं कारण अगदी साधं होतं. देसांकाने, म्हणजे त्याच्या बायकोने, राउटरवर क्रोशाचा रुमाल घातला होता, रुमालावर संत दिमित्रीची तसबीर उभी केली होती आणि खोलीच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या होत्या. समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून वारा वाहिला की माणूस मरतो हे दुबोका या सर्ब गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डॉक्टरलाही ठाऊक आहे, त्याच्यापुढे तर हा विषयच काढू नका. तर राउटर आतल्या आत शिजत होता. पण स्वेतोझारचं म्हणणं असं, की नेट म्हणजे बैल. नीट चालत नसेल तर जू सोडायचं आणि पुन्हा जुंपायचं.

"आता पासवर्ड मागतोय," तो म्हणाला.

"मग दे," देसांका स्वयंपाकघरातून ओरडली. तिच्या कोपरापर्यंत कोबीची पानं आणि खिमा होता.

"दे काय दे? आठवतोय कुठे?"

"कुणी घातला होता?"

"मी."

"मग स्वतःलाच विचार."

"राउटरच्या बुडाला कागद चिकटवलेला असतो बघ. त्यावर काहीतरी लिहिलेलं असतं."

"तो मी काल खरवडून काढला. व्हिनेगर लावून."

"का?"

"का म्हणजे? आज स्लावा, म्हणून काल सगळं घर घासलं. संत काही राउटर उलटा करून बघायचा नाही, पण तुझी बहीण बघते."

स्लावा म्हणजे कुळाच्या संताचा दिवस. त्या दिवशी घरात मेणबत्ती जळते, पाद्री येतो, वेण्या घातलेला मोठा गोल पाव, कोलाच, यजमान आणि पाद्री मिळून हातांवर गोल फिरवतात, त्यावर वाइन ओततात, मोडतात, आणि मग संध्याकाळपर्यंत येईल त्याने खायचं, प्यायचं. यजमानाने मात्र बसायचं नाही, उभं राहून वाढायचं. बोलावणं कुणालाच जात नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला हाकलता येत नाही, मग तो शत्रू असो की तलाठी.

एरवी नेट गेलं असतं तर स्वेतोझारने त्याच्या नावाने एक ग्लास रिचवला असता आणि विसरला असता. पण आज गोष्ट वेगळी होती. त्याचा मुलगा उरोश लिंझला होता, ऑस्ट्रियात, छपरं घालायच्या कामावर. गेला तेव्हा बापलेकांचं वाजलं होतं. "मला स्लावाबिवा जमणार नाही, तिथे कुणाला वेळ आहे," असं उरोश दारात उभं राहून बोलला होता, आणि स्वेतोझारने त्याच दिवशी पोस्टात जाऊन आपल्या फोनवरून देशाबाहेर फोन लागायची सोयच बंद करून घेतली होती. हट्टाने. पुढे उरोशला मुलगी झाली. आणि गेल्या रविवारी टॅबवर, मान खाली घालून, पोरगा म्हणाला होता, "बाबा, यंदा मी इथे स्लावा करतोय. आमच्याकडे बाराला पाद्री येईल. तुम्हीपण बाराला करा. मला कोलाच फिरवता येत नाही. तुमचं बघून फिरवीन."

स्वेतोझार त्यावर फक्त "बघू" म्हणाला होता आणि मग धान्याच्या खोलीत जाऊन बराच वेळ बाहेर आला नव्हता. कांदे निवडत होतो, म्हणाला.

आता बाराला टॅब काळा दिसला असता, तर लिंझमध्ये उरोशला एकच गोष्ट वाटली असती: म्हाताऱ्याने सूड उगवला.

"कंपनीला फोन लाव," देसांका म्हणाली.

दुबोका दरीच्या तळाशी आहे. मोबाइलला रेंज येते ती फक्त वरच्या दफनभूमीत. गावातले मेलेले लोक जगाशी व्यवस्थित जोडलेले आहेत; अडचण जिवंतांची आहे. खासदार दर निवडणुकीला टॉवरचं वचन देतो, तेही दफनभूमीतूनच, कारण त्यालाही मध्येच फोन घ्यायचा असतो. स्वेतोझार सुटाबुटात टेकडी चढला, आजोबांच्या थडग्याला टेकून उभा राहिला आणि कंपनीचा नंबर फिरवला. आधी बासरी वाजली. मग एक दाबा, मग तीन दाबा, मग पुन्हा बासरी. मग एक मुलगी आली, आवाजावरून नुकतीच झोपेतून उठलेली.

"सर, पासवर्ड बदलायचा असेल तर आमच्या साइटवर जा. तिथे लगेच होतं."

"साइट कुठेय?"

"इंटरनेटवर, सर."

"बाई, मला इंटरनेटच हवंय."

"हो सर, त्यासाठीच साइटवर जायचं."

"म्हणजे विहिरीत पडलेल्याने दोर आणायला बाजारात जायचं?"

"सर, विहिरीसाठी वेगळा विभाग असेल. आमच्याकडे फक्त नेट."

मागचं बारीक बटण दाबू का, असं त्याने विचारलं. दाबलं तर राउटर कोरा होईल आणि मग आमच्या माणसाला घरी येऊन सगळं पुन्हा भरावं लागेल, असं ती म्हणाली. माणूस कधी येईल? आज नाही सर, त्याच्याही घरी दिमित्रीच आहे. या देशात अर्धी माणसं ज्या दिवशी काम करायला हवीत, त्याच दिवशी बाकीची अर्धी त्यांच्या घरी जेवायला बसलेली असतात. स्वेतोझारने फोन बंद केला, आजोबांना एक शिवी दिली, मग त्यांची माफी मागितली आणि खाली आला.

दारात पाद्रीबुवा वुकाशिन यांची गाडी उभी होती. गाडी इतकी मोठी की तिच्यात अख्खं देऊळ बसलं असतं, आणि गावातल्या काहींच्या मते तिच्या किमतीत एक देऊळ खरोखरच बसलेलं होतं. पाद्रीबुवांची सकाळपासून बरीच घरं झाली होती आणि प्रत्येक घरात एक ग्लास झाला होता. त्यामुळे ते देवाच्या आणि माणसांच्या दोघांच्याही जवळ होते.

"आटपू या का?" ते गळ्यातला पूजेचा पट्टा सारखा करत म्हणाले. "मेणबत्ती आहे, कोलाच आहे, मी आहे. संताला नेट लागत नाही."

"माझ्या पोराला लागतं," देसांका म्हणाली आणि कोलाच उचलून कपाटावर ठेवला, पाद्रीबुवांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. "बुवा, बसा. बारा वाजायला अवकाश आहे. म्हाताऱ्या, इकडे ये. आठव. कधी घातला होतास पासवर्ड?"

"गेल्या वर्षी. याच दिवशी. पाहुणे गेल्यावर."

देसांकाचे डोळे बारीक झाले. "म्हणजे झिवोरादशी भांडण झालं तेव्हा."

झिवोराद कुंपणापलीकडे राहतो. तो स्वेतोझारचा कुम. कुम म्हणजे लग्नात शेजारी उभा राहिलेला आणि पोराचं नाव ठेवलेला माणूस. सख्ख्या भावाशी भांडलं तर लोक समजून घेतात, कुमाशी भांडलं तर थुंकतात. नेटची तार खांबावरून ओढून आणताना झिवोरादच शिडीवर होता, म्हणून दोन्ही घरं एकाच वायफायवर चालायची. गल्लीतली बाकीची घरं कुलपं लावून ऑस्ट्रियात गेलेली. तर गेल्या स्लावाला, भर पंगतीत, झिवोरादने स्वेतोझारची राकिया तोंडात घेतली, जिभेवर फिरवली, ग्लास उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "कुमा, ही करपलीय का रे?"

स्वतःच्या आलुबुखारांची, स्वतः भट्टीशी बसून गाळलेली राकिया! इथे माणूस बायकोबद्दल ऐकून घेईल, पक्षाबद्दल ऐकून घेईल. त्या दिवसापासून कुंपणावरून शब्द गेला नव्हता. आणि त्याच संध्याकाळी स्वेतोझारने झिवोरादचं नेट तोडायला पासवर्ड बदलला होता.

"झिवोरादबद्दलच काहीतरी होतं," तो आता कपाळ चोळत म्हणाला. "रागात लिहिलं होतं."

"शिवी?"

"मग काय प्रार्थना?"

"कुठली?"

हीच तर अडचण होती. त्या संध्याकाळी त्याने आधी एक शिवी लिहिली होती आणि राउटरने ती नाकारली होती. लाल अक्षरांत उत्तर आलं होतं: कमकुवत. दुबोकात स्वेतोझारच्या शिवीला कमकुवत म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मग त्याने दुसरी लिहिली. तीही कमकुवत. तिसरी मध्यम. शेवटी कुठलीतरी त्या यंत्राला पटली. पण कुठली, ते आठवत नव्हतं. राग आठवत होता, मजकूर गेला होता.

"सुरुवात साधीपासून करू," देसांका टॅब घेऊन बसली. तिने एक बोट ॲप्रनला पुसलं. "झिवोराद गाढव."

"गाढव नाही. ते कमकुवत होतं."

"टाकून बघते ना. नाही. झिवोराद बैल?"

"नाही."

"झिवोराद फुकट्या?"

"थांब, फुकट्या असू शकेल. पुढे काहीतरी होतं. फुकट्या बोकड?"

"बोकड नव्हे," पाद्रीबुवा एकदम खुर्चीत सरसावून बसले. गेल्या ईस्टरला झिवोरादने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, की बुवा गातात तेव्हा बोकडाला पान्हा फुटतो. "बोकडाची शिवी आपल्याकडे आहेच, ती वेगळ्या कामाला. तुम्ही चोंबडा टाकलंत का? चोंबड्या नाकाचा झिवोराद?"

"नाक सुचलं नव्हतं," स्वेतोझार आदराने म्हणाला.

"नाक घ्या. आणि मोठ्या अक्षराने सुरू करा. यंत्राला मोठं अक्षर लागतं, माझ्या भाच्याने सांगितलंय."

देसांकाने नाक टाकलं. नाही. "शिळ्या सूपचा डबा" टाकलं. नाही. पाद्रीबुवांनी जुन्या करारातून दोन काढल्या, अतिशय टिकाऊ. त्याही नाहीत. आवाज वाढत गेले, कारण राग पुन्हा यायला लागला होता आणि राग आला तर पासवर्डही येईल असं स्वेतोझारचं म्हणणं होतं.

"झिवोराद, अळणी काकडी!"

"झिवोराद, सासूच्या जिवावरचा सरदार!"

"झिवोराद, ज्याच्या कुत्र्यालाही त्याची लाज वाटते!"

"ही लांब आहे," देसांका म्हणाली. "पण चांगली आहे. टाकते."

नाही.

घड्याळाचा मोठा काटा वर चढत होता. देसांकाने टॅब मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे गेली. पडदा जरासा बाजूला केला.

"तो लाकडं फोडतोय," ती म्हणाली.

"कोण?"

"कुम. कुंपणाला लागून. सुटात. टाय लावून लाकडं फोडतोय, स्वेतोझार. सकाळपासून फोडतोय. कुऱ्हाड वर जाते आणि वरच राहते. ऐकतोय तो."

पाद्रीबुवांनी हळूच पट्टा सारखा केला.

"जाऊन बोलाव त्याला," देसांका म्हणाली. "कदाचित त्याला माहीत असेल. त्याला अशा गोष्टी माहीत असतात."

"स्लावाला बोलावत नाहीत. रीत नाही."

"रीत गेली खड्ड्यात!"

"आणि शिवाय मी त्याचंच नेट तोडलं. त्याला कसं माहीत असेल?"

"तुझा पोरगा पलीकडे कोलाच हातात धरून उभा असेल. त्याला फिरवता येत नाही. एकदा आयुष्यात बापाकडे काही मागितलं त्याने. आणि बाप कुंपण मोजतोय!"

स्वेतोझार दारापर्यंत गेला. दार उघडलं. उंबऱ्यापर्यंत गेला. उंबऱ्यावर थांबला आणि, कुणाकडेही न बघता, हवेला म्हणाला, "दार उघडं आहे. वारा वाहतोय. कुणाला यायचं असेल तर आत या, नाहीतर मी बंद करतो."

कुऱ्हाड ओंडक्यात घुसल्याचा आवाज आला.

झिवोराद आला. उंच, वाकलेला, कोटावर भुसा. हातात वाइनची बाटली, जी सकाळपासून लाकडांच्या ढिगावर वाट बघत उभी होती. त्याने मेणबत्तीकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली, "घराला आनंद" म्हणाला, पाद्रीबुवांच्या हाताचं चुंबन घेतलं, मग सरळ उभा राहून म्हणाला:

"सगळ्या चूक."

"काय?"

"शिव्या. एकही बरोबर नाही. काकडी मात्र लागली मला, ती कुणाची?"

"बुवांची," स्वेतोझार म्हणाला. पाद्रीबुवा छताकडे बघायला लागले.

"तुला पासवर्ड माहीत आहे?" देसांकाने टॅब छातीशी धरला.

"वर्षभर तोच वापरतोय. मला दिवसभर बातम्या लागतात, तुला माहीत आहे, कुमा."

स्वेतोझारचा चेहरा राउटरसारखा तापला. "मी तोडलं होतं! तू चोरलास?"

"चोरला कसला? तू नेट तोडलंस तेव्हा मीपण बसलो. स्वतःला शिव्या घालत. तू घातल्या असत्यास त्या सगळ्या टाकून बघितल्या. दिवस गेला. मग म्हटलं, अरे, हा शिव्या देतो तो तोंडावर. एकटा असला की हा शिवी देत नाही. एकटा असला की हा एकच वाक्य पुटपुटतो. अंगणात, गोठ्यात, मोरीत. कुंपणाशी मला ऐकू येतं. ते टाकलं. उघडलं."

"कुठलं वाक्य?"

झिवोरादने टायची गाठ सैल केली. "टॅब दे, मी टाकतो."

देसांकाने टॅब पुढे केला. स्वेतोझारने मध्येच तो काढून घेतला. त्याला आठवलं होतं. त्याच्या मिशीत काहीतरी हललं, जे वर्षभर हललं नव्हतं.

"नाही. तुझ्या हाताला भुसा आहे. तू सांग. मी टाकतो."

"कुमा."

"सांग."

झिवोरादने पाद्रीबुवांकडे बघितलं. पाद्रीबुवांनी, जुन्या करारासारख्या चेहऱ्याने, मदत नाकारली.

"अजिबात," झिवोराद म्हणाला.

"मोठ्याने. म्हातारा झालोय."

"अजिबात!"

"अजिबात. पुढे?"

"करपली."

"करपली. पुढे?"

झिवोरादने दीर्घ श्वास घेतला. "नव्हती."

"सगळं एकदम म्हण. मध्ये जागा सोडायची का ते कळत नाही."

"अजिबात करपली नव्हती! सगळं जोडून! आणि शेवटी एक आकडा, एक!"

स्वेतोझारने बोटाने टाकलं. "चूक दाखवतंय," तो म्हणाला. "पुन्हा सांग."

"चूक कशी?"

"मला काय माहीत? यंत्र आहे. पुन्हा सांग."

"अजिबात करपली नव्हती," झिवोराद दात ओठ खात म्हणाला, आणि देसांकाने बाजूने वाकून बघितलं तर नवऱ्याने एकही अक्षर टाकलेलं नव्हतं. तिने त्याच्या पाठीत कोपर मारलं. मग त्याने टाकलं.

टॅब उघडला. आणि उघडता उघडताच वाजायला लागला.

पडद्यावर उरोश होता, इस्त्री केलेल्या शर्टात, घाबरलेला. त्याच्या मागे एक तरुण ऑस्ट्रियातला सर्ब पाद्री घड्याळाकडे बघत होता आणि बायकोच्या कडेवर पोरगी मेणबत्तीकडे हात करत होती.

"बाबा! मला वाटलं तुम्ही..." उरोश म्हणाला आणि थांबला.

"काय वाटलं?" स्वेतोझार म्हणाला. "पाव हातात घे. नाही, दोन्ही हातांनी. तळवे पावाखाली. बघ माझ्याकडे."

पाद्रीबुवांनी सुरुवात केली. ते गायले, आणि झिवोरादने जीभ चावून धरली. कोलाच हातांवर फिरला, इथे सावकाश, तिथे थरथरत, एकदा उलटाच. "डावीकडून नव्हे रे, सूर्यासारखा!" स्वेतोझार ओरडला. तिकडे उरोश हसला, इकडे देसांकाने ॲप्रनने तोंड झाकलं. वाइन ओतली गेली. कोलाच मोडला. उरोशने आपला अर्धा पडद्याकडे धरला आणि स्वेतोझारने आपला अर्धा पडद्याला लावला. टॅबच्या कडेला वाइनचा डाग पडला, तो देसांकाने पुसू दिला नाही.

"कुम आहेत का तिथे?" उरोशने विचारलं. "पोरीचं नाव अजून ठेवलेलं नाही. त्यांच्याशिवाय कोण ठेवणार?"

"आहे, आहे," झिवोराद पडद्यात घुसला. "सूट घालून आलोय."

"मग थांबा. बाबा, तुम्ही गेल्या वर्षी बसवाल्याबरोबर जी बाटली पाठवलीत ना, ती मी या दिवसासाठी जपून ठेवली होती. कुणाला हात लावू दिला नाही. आजच फोडतोय. जगा, बाबा! जगा, कुमा!"

"जगा!" सगळे म्हणाले.

उरोशने ग्लास एका घोटात रिकामा केला.

पडद्यावर पोरीच्या कानातला बारीक डूल दिसत होता, मागच्या भिंतीवरच्या तसबिरीतल्या संताच्या पापण्या मोजता आल्या असत्या, इतकं नेट स्वच्छ होतं. आणि त्या स्वच्छ नेटवर, अगदी मधोमध, उरोशचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा आवळला. एक डोळा मिटला. दुसरा पाणावला. तरुण पाद्रीने आपला ग्लास नाकाजवळ नेला आणि गुपचूप तसबिरीच्या मागे ठेवून दिला.

"काय झालं रे?" देसांकाने विचारलं.

"काही नाही," उरोश कुठून तरी खोलातून म्हणाला. "छान आहे. जोरदार आहे."

खोलीत कुणी हललं नाही. राउटरवरचा रुमालही हलला नाही. स्वेतोझार टॅबकडे बघत होता. मग तो घसा खाकरून म्हणाला, "नेट आहे हे. चेहरे वाकडे दाखवतंय."

देसांकाने झिवोरादकडे बघितलं. पाद्रीबुवांनी झिवोरादकडे बघितलं. लिंझमधून उरोशनेही, रुमालाने डोळे पुसत, त्याच्याकडेच बघितलं. झिवोरादने पडद्याकडे नीट वाकून पाहिलं, भुसा लागलेली बाही काचेवरून फिरवली आणि मान हलवली.

"नेटच, कुमा," तो म्हणाला. "इथून नीट निघतं. वाटेत कुठेतरी करपतं."

स्वेतोझार कपाटाकडे गेला. गेल्या वर्षीची बाटली त्याने मागे ढकलली, पार भिंतीपर्यंत, आणि यंदाची काढली. झिवोरादचा ग्लास काठोकाठ भरला आणि, यजमानाने उभं राहायचं असतं म्हणून, त्याच्यासमोर उभा राहिला, हात मागे बांधून.

झिवोरादने घोट घेतला. जिभेवर फिरवला. ग्लास उजेडाकडे धरला. आणि तो बोलायला तोंड उघडतो न उघडतो तोच देसांकाने त्यात कोलाचचा भला मोठा तुकडा कोंबला.